पॅडल की बटण? दोन गाड्या, दोन रविवार अन् एक स्टिअरिंग

माझ्या मावसभावाला दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, सेकंडहँड. चार-पाच वर्षांपासून पैसे बाजूला ठेवून राहिला होता, आता बजेट जमलं, घरून होकार आला, अन् घोडं अडलं कुठं तं स्टिअरिंगवर. दोन गाड्या फायनल झाल्या, दोन्ही जर्मन, दोन्ही डबल क्लचवाल्या ऑटोमॅटिक, किलोमीटर जवळपास सारखे, भावातही फार फरक नाही. फक्त एकीत हातानं गिअर बदलायला स्टिअरिंगच्या मागे पॅडल, म्हणजे बोटानं ओढायच्या छोट्या पट्ट्या, आहेत अन् दुसरीत स्टिअरिंगच्या दांड्यावरच बटणं. मला फोन करून म्हणे, दादा तू रोज डीएसजी (फोक्सवॅगनचा डबल क्लच गिअरबॉक्स) चालवतो, तूच सांग काय घेऊ. मी म्हटलं हे फोनवर सांगायचं काम नाही, चालवून पाहू. त्यात मे महिन्यातले दोन रविवार गेले, पण गेले ते चांगले गेले. गाड्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, काहून का त्यातली एक अजून विकायची आहे अन् तिचा मालक सज्जन माणूस आहे, माझ्या लिहिण्यानं त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलून राहिलं ते कळेल. माझ्याकडे २०२२ पासून फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आहे, दीड लिटर, १५० पीएस, सात गिअरची डीएसजी, स्टिअरिंगच्या मागे छोटे पॅडल. स्पोर्ट्स कार नाही ती, सेडान आहे, पण पॅडलची सवय मला तिनंच लावली. समृद्धीनं शिर्डीला जाणं, अमरावतीला सासुरवाडी, पावसाळ्यात चिखलदरा, अन् बाकी रोजचं नागपुरात वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून ऑफिस. म्हणजे मी रेसर वगैरे नाही, पण तीन-चार वर्षं रोज पॅडल ओढून बोटांना जे कळतं ते मला कळलेलं आहे.

एक गोष्ट पहिले क्लिअर करतो कारण भाऊ पण इथंच गडबडला होता. त्याला वाटून राहिलं होतं की पॅडलवाल्या गाडीचा गिअर फास्ट पडते अन् बटणवालीचा हळू. असं काही नसते. पॅडल असो की बटण, दोन्ही फक्त स्विच आहेत, घरातल्या बेलसारखे. तुम्ही दाबलं की सिग्नल गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला जाते अन् पुढचं सगळं तो करते. डबल क्लचमधी एका क्लचवर १-३-५-७ असतात, दुसऱ्यावर २-४-६, म्हणून तुम्ही तिसऱ्यात चालवून राहिले असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असते, सिग्नल आला की एक क्लच सुटते अन् दुसरा धरते, बस. उलट त्यानं चौथा जुळवून ठेवला अन् तुम्ही अचानक दुसरा मागितला तर अंमळ वेळ लागते, ते पण पॅडलमुळे नाही. अन् आरपीएम लाल पट्टीच्या पार जाईल असा गिअर मागितला तं तो देतच नाही, तुम्ही कितीही जोरात ओढा. म्हणजे गाडीच्या बाजूनं दोन्ही सेम. फरक जो आहे तो पूर्ण तुमच्या हातात आहे, खरोखर हातात, अंगठा अन् बोटं यांच्यात.

पहिला रविवार बटणवालीचा. पहाटे पावणेसहाला शंकरनगरहून निघालो, लॉ कॉलेज चौक, तिथून फुटाळा, अन् वर सेमिनरी हिल्स. नागपुरात चढ-उतार अन् वळणं एकत्र पाहिजे असतील तं दुसरी जागाच नाही, आपलं शहर सपाट. त्या वेळेला रस्ता मोकळा असते पण फिरायला येणारे लोक असतात म्हणून चाळीसच्या वर गेलो नाही, अन् बटण-पॅडल समजायला स्पीड लागतही नाही.

बटण कसं आहे ते सांगतो. स्टिअरिंगचे जे आडवे दोन दांडे असतात, त्यांच्या वरच्या कडेला अंगठ्याएवढा चंदेरी तुकडा. अंगठ्यानं पुढे ढकलला की एक काम, मागून बोटानं आपल्याकडे ओढला की दुसरं, अन् डावं-उजवं दोन्हीकडे तेच. बसल्या बसल्या मला एक गोष्ट दिसली, उजव्या बटणावरची खूण घासून पार गेलेली, नुसता गुळगुळीत डाग राहिलेला, अन् डाव्या बटणावरची कोरी करकरीत, जशी कंपनीतून निघाली तशी. म्हणजे मालकानं इतकी वर्षं एकच बाजू वापरली. मी भावाला दाखवलं अन् म्हटलं हे पाहून ठेव, ह्याच्यावरून पुष्कळ काही कळते.

आता बटणाची खरी अडचण. तुम्ही स्टिअरिंग घड्याळाच्या नऊ अन् तीनवर धरता तेव्हा अंगठा दांड्यावर अडकवलेला असते, मूठ त्याच्यामुळे बंद राहते, अंगठा म्हणजे मुठीचं कुलूप आहे. बटण दाबायला तेच कुलूप उघडावं लागते. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. पण वळणात, जिथं मूठ घट्ट पाहिजे अन् गिअर पण तेव्हाच पाहिजे, तिथं अंगठा उचलला की हात सैल पडते. पॅडलला मागची दोन बोटं लागतात, अन् ती दोन बोटं नुसती मागे टेकलेली असतात, ती हलवली तं मुठीचं काही बिघडत नाही. हे वाचून समजणार नाही कदाचित, आता तुमच्या गाडीत बसून अंगठा उचलून स्टिअरिंग फिरवा अन् मग अंगठा ठेवून फक्त मधली दोन बोटं हलवून पहा.

अन् तिथंच एक गोष्ट झाली. वरून खाली येताना एक डावं वळण आहे झाडीतलं, तिथं मला तिसऱ्यातून दुसरा पाहिजे होता, इंजिननं गाडी धरावी म्हणून. मी ओढायच्या ऐवजी ढकललं की ढकलायच्या ऐवजी ओढलं, आता आठवत पण नाही, पण गिअर खाली यायचा सोडून वर गेला. इंजिनचा आवाज एकदम बसला अन् उतारावर गाडी सैल सुटली. ब्रेक होता, स्पीड कमी होता, काही झालं नाही. पण कडेनं एक काका फिरून राहिले होते छडी घेऊन, ते थांबून आमच्याकडे पाहायले लागले, अन् माझ्या छातीत धस्स झालं ते झालंच. भाऊ बाजूला बसला होता, तो काही बोलला नाही, मी पण नाही बोललो, खाली फुटाळ्याला गाडी लावली अन् मग बोललो.

तुम्ही म्हणाल सवयीचा प्रश्न आहे, आठ दिवसांत बसून जाते. मी पण तसंच म्हटलं असतं, पण ह्या बटणाच्या बाबतीत गोष्ट अशी आहे की कंपन्यांचंच आपसात एकमत नव्हतं. पोर्शेनं २००८ च्या सुमारास ९११ मधी पीडीके नावाचा आपला डबल क्लच गिअरबॉक्स आणला तेव्हा स्टिअरिंगवर अशीच सरकती बटणं होती, पुढे ढकललं की गिअर वर अन् मागून ओढलं की खाली. त्याच काळात बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत पण ढकला-ओढाच होतं, पण उलटं, ढकललं की खाली अन् ओढलं की वर. दोन्ही कंपन्या बुद्धीनं कमी नाहीत, दोघांकडे आपापलं लॉजिक असेल, पण बोटाला काय समजावणार? एका गाडीतून उतरून दुसरीत बसलं की डोकं आधी विचारते, मग बोट हलते, अन् वळणात तेवढा वेळ नसते. पॅडलमधी असा प्रश्नच उरत नाही. उजवा हात वर, डावा हात खाली, मारुतीची ब्रेझा असो, ह्युंदाईची आय-२० एन लाइन असो की फेरारी. हाताला दिशा पाठ होते अन् ती गाडी बदलली तरी पाठच राहते. माझं ह्या सगळ्या विषयातलं एकच म्हणणं आहे अन् ते हेच, की एका हाताला एकच काम द्यावं. बटण एका अंगठ्याला दोन विरुद्ध कामं देते.

पोर्शेनं नंतर पॅडलचं स्टिअरिंग ऑप्शन म्हणून दिलं, अन् आजच्या त्यांच्या स्पोर्ट्स कार पाहाल तं पॅडलच दिसतील. बीएमडब्ल्यू पण तिकडेच आली.

गंमत म्हणजे बटण हे पॅडलच्या आधीचं आहे. फेरारीचा इंजिनिअर माउरो फोर्गिएरीनं १९७९ मधी फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगवरच्या बटणांनी गिअर बदलायचा प्रयोग केला होता, त्यांचा ड्रायव्हर जिल व्हिलनव्हनं गाडी चालवून पाहिली अन् त्याला आपला जुना दांडाच बरा वाटला, म्हणून ते तिथंच राहिलं. मग दहा वर्षांनी त्याच फेरारीत डिझायनर जॉन बर्नार्डनं ६४० नावाची गाडी काढली, त्याला गिअरचा दांडा अन् त्याची लांबलचक जोडणीच कॉकपिटमधून काढून टाकायची होती म्हणजे गाडी अरुंद करता येईल, अन् त्यानं स्टिअरिंगच्या मागे पॅडल लावले. टेस्टिंगमधी गाडी सारखी बंद पडत होती, कोणाला भरवसा नव्हता, अन् मार्च १९८९ ला ब्राझीलच्या पहिल्याच रेसमधी नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. मधी पिटमधी थांबून त्याचं स्टिअरिंगच बदलावं लागलं होतं, तरी जिंकला. काही वर्षांत सगळ्या टीम तिकडे वळल्या. १९९७ मधी फेरारीनं एफ-३५५ मधी ते रस्त्यावरच्या गाडीत दिलं. आज फॉर्म्युला वनचं स्टिअरिंग पहा, समोर बटणं अन् फिरकीचे चाक मिळून वीसच्या वर आहेत, रेडिओ, न्यूट्रल, ब्रेकचा बॅलन्स, सगळं अंगठ्याखाली, पण गिअर मात्र मागच्या पॅडलवरच. ज्यांना एका सेकंदाचा हजारावा भाग महत्त्वाचा आहे त्यांनी पस्तीस वर्षांत ते परत समोर आणलं नाही. भावाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचं अर्धं ठरून गेलं होतं.

पण बटणाच्या बाजूनं एक गोष्ट आहे अन् ती मी लपवणार नाही, कारण ती मला चालवतानाच कळली. दोन्ही बाजूला दोन्ही कामं असल्यानं कोणताही एक हात स्टिअरिंगवर असला तरी तुम्ही वर-खाली दोन्ही करू शकता. मोठ्या चौकात गोल फिरताना स्टिअरिंग अर्धं फिरलेलं असते, पॅडल स्टिअरिंगसोबत फिरून उजवा खाली डावा वर असं होऊन बसते, तेव्हा कोणतं पॅडल कुठं गेलं हे शोधावं लागते. बटणवालीत जे हाताशी येईल ते चालते. ज्याला एका हातानं चालवायची सवय आहे, किंवा एका खांद्याचा त्रास आहे, त्याच्यासाठी ही खरीच सोय आहे. माझा भाऊ पण एका हातानं चालवणारा आहे, त्याला म्हटलं आधी ती सवय सोड अन् मग स्पोर्ट्स कार घे, हे दोन एकत्र जमत नाही.

दुसऱ्या रविवारी पॅडलवाली. ही गाडी अमरावती रोडनं नेली, वाडीचं ट्रॅफिक पार करून बाजारगाव, कोंढाळी, अन् परत. निघायच्या आधी रस्त्यावर तर्री पोहे खाल्ले, ते महत्त्वाचं अशासाठी की गाडी तेवढा वेळ उन्हात तोंड करून उभी होती. ह्या गाडीचे पॅडल धातूचे, मोठे, जवळपास माझ्या पूर्ण पंजाएवढे उंच. बोट टेकवलं की कडेला बारीक धार गोल केलेली जाणवते, ओढलं की आधी थोडा ताण अन् मग एक खट, ते खट बोटालाच कळते, कानाला कमी. ओढून झालं की गिअर लागला का म्हणून मीटरकडे पाहावं लागत नाही, हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. बटणाचा आवाज मऊ होता, दाबलं गेलं की नाही असं वाटून मी दोन-तीनदा खाली पाहिलं होतं, अन् खाली पाहणं म्हणजे रस्त्यावरून नजर काढणं.

कोंढाळीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. सातव्यात आरामात चाललो होतो, डाव्या पॅडलला दोन टिचक्या दिल्या, पाचवा आला, गाडीनं श्वास घेतल्यासारखा आवाज केला अन् मग मी इंडिकेटर देऊन बाहेर निघालो. फरक समजून घ्या, पायानं ॲक्सिलरेटर जोरात दाबूनही ऑटोमॅटिक गाडी गिअर खाली आणतेच, पण ती बाहेर निघाल्यावर आणते, तेव्हा तुम्ही समोरच्या लेनमधी लटकलेले असता. पॅडलनं तुम्ही तयारी आधी करता, जागा दिसायच्या आधीच गिअर हजर. ओव्हरटेकसाठी मी माझ्या व्हर्टसमधी पण हेच करतो. डी मधी, म्हणजे गाडी आपणच गिअर बदलते त्या मोडमधी, असतानाही पॅडल ओढलं तं ती तेवढ्यापुरती हातात येते अन् थोड्या वेळानं आपणच डी मधी जाते, घाई असेल तं उजवा पॅडल एखादा सेकंद धरून ठेवायचा.

पोहे खाऊन आलो तेव्हा मात्र पॅडल चांगलेच तापले होते. सकाळचे साडेनऊच होते. आता विचार करा दुपारी दोनला सिव्हिल लाइन्सच्या पार्किंगमधून काढाल तं काय होईल, आपल्याकडे मे मधी ४५-४६ रोजचं आहे. पुण्या-मुंबईचे लोक धातूचे पॅडल पाहून खूश होतात, नागपूरकरानं स्टिअरिंगवर टाकायला एक कपडा गाडीत ठेवावा, पांढरा पंचा असला तरी चालते. माझे प्लास्टिकचे पॅडल दिसायला साधे आहेत पण चटका देत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं आनंदानं लिहितो.

पॅडलमधी पण दोन जाती आहेत, हे शोरूममधी कोणी सांगत नाही. एक, स्टिअरिंगला जोडलेले अन् त्याच्यासोबत फिरणारे, जसे माझ्या गाडीत. दुसरे, मागच्या कॉलमला, म्हणजे स्टिअरिंगमागच्या न फिरणाऱ्या भागाला, पक्के बसवलेले, स्टिअरिंग कितीही फिरवा ते जागचे हलत नाहीत, फेरारी अन् लॅम्बोर्गिनीत असे असतात. पक्क्याचा फायदा की उजवा नेहमी उजवीकडेच सापडते. तोटा की हात नऊ-तीनवरून हलला की पॅडलपर्यंत बोट पोचायला ते लांब पाहिजे, अन् लांब पॅडल असलं की त्याच्या मागच्या इंडिकेटर अन् वायपरच्या दांड्या हाताला येत नाहीत. फेरारीनं तं ४५८ पासून इंडिकेटरच स्टिअरिंगवरच्या बटणात टाकले. निस्सान जीटी-आर आधी कॉलमवाली होती, नंतरच्या मॉडेलमधी त्यांनी पॅडल स्टिअरिंगवर आणले. म्हणजे इथं एकमत नाही, अन् मला वाटते ते जागेवर अवलंबून आहे. फॉर्म्युला वनवाला हात कधी सोडतच नाही, त्याचं स्टिअरिंग तेवढं फिरतच नाही. आपल्याला घाटाच्या हेअरपिनला दोन हात फिरवावे लागतात.

घाटावरून आठवलं, चिखलदरा. मागच्या पावसाळ्यात परतवाड्याकडे उतरताना धुकं होतं, समोरच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास आमच्या गाडीत येऊन राहिला होता, बिचारा पूर्ण उतार ब्रेकवर उतरून राहिला होता. मी व्हर्टस दुसऱ्या-तिसऱ्यात धरून ठेवली, वळणाच्या आधी डावा एकदा, वळण संपलं की उजवा एकदा, ब्रेकला फक्त शेवटी हात लावल्यासारखा पाय. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्यांना घाटात नेहमी मळमळते, त्या दिवशी खाली येईपर्यंत झोपल्या होत्या. फिरणाऱ्या पॅडलची अडचण तिथं दोन वळणांवर आली, पण मी सवय केली आहे की गिअर वळणाच्या आधी सरळ हातानं घ्यायचा, वळणात घ्यायचाच नाही. तुम्ही हे एवढं पाळलं तं फिरते की पक्के हा वाद उरत नाही. बटणाचा वाद मात्र उरते, कारण तिथं सरळ हातानंही अंगठा चुकू शकते.

आता एक तक्रार, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे वाचावे म्हणून. माझे पॅडल छोटे वाटून राहिले होते म्हणून मी ऑनलाइन ॲल्युमिनियमचे वरून चिकटवायचे पॅडल मागवले होते, लाल रंगाचे, दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावलेले. कंपनीचं नाव घेत नाही, तसे पंचवीस जण विकतात. लावले तेव्हा एकदम भारी दिसले, दीड महिना चांगले टिकले. मग एप्रिल संपता संपता एके दिवशी दुपारी गाडी उघडली तं उजवा पॅडल तिरपा लटकून राहिलेला, टेपचा गोंद वितळून शिरा निघाल्या होत्या चिक्कीच्या पाकासारख्या. परत दाबून बसवला, अन् दोन दिवसांनी चालत्या गाडीत ओढताना तो हातातच आला अन् खाली पायाशी पडला. ब्रेक पेडलच्या मागे गेला असता तं काय झालं असतं हा विचार करून मी त्याच संध्याकाळी दुसरा पण काढून टाकला. गोंद काढायला रॉकेल लागलं. उन्हाळ्यात तापणाऱ्या गावात टेपवर विश्वास ठेवून पायाजवळ पडणारी वस्तू लावू नका, छोटे पॅडल छोटेच राहू द्या. अन् ज्यांच्या गाडीत पॅडल नाहीत ते दुसऱ्या मॉडेलचं स्टिअरिंग आणून बसवून घेतात, त्यांना एवढंच सांगतो की त्यात एअरबॅग उघडावी लागते, ते काम ज्याला खरंच येते त्याच्याकडेच द्या, बॅटरी काढल्याशिवाय जो हात लावेल त्याच्याकडून उठून या.

बटणांची आणखी एक जात म्हणजे टचवाली, जी दाबली जातच नाही, नुसतं बोट लावायचं. ती गिअरसाठी नसते, आवाज, क्रूझ, मोड असल्या कामांसाठी असते, पण स्पोर्ट्स कार घेणाऱ्यानं हे पण पाहायला पाहिजे कारण हात तिथंच असते. फोक्सवॅगननं आठव्या पिढीच्या गोल्फ गाडीमधी तसं केलं, लोकांनी खूप नावं ठेवली, अन् नंतर त्यांनी खरे दाबायचे बटण परत आणले. २०२५ ला आपल्याकडे आलेल्या गोल्फ जीटीआयमधी खरे बटण आहेत अन् मागे पॅडल, मला विचाराल तं असंच पाहिजे. फेरारीनं पण एसएफ-९० पासून टच केलं होतं अन् २०२५ मधी अमाल्फी आणली तेव्हा स्टिअरिंगवर खरे बटण अन् स्टार्टचं लाल बटण परत. घामेजलेल्या बोटानं काच चालवून पाहिली असेल तं ह्यात आश्चर्य काहीच नाही.

शहरात काय, हे पण भावानं विचारलं. शहरात काहीच नाही. सीताबर्डीत संध्याकाळी सात वाजता पॅडल पण हात जोडते अन् बटण पण. डी मधी टाका अन् समोरच्याचा बंपर पाहत राहा. ज्याची गाडी ९० टक्के शहरातच राहणार त्यानं ह्या मुद्द्यावर गाडी निवडू नये, सर्व्हिसचा रेकॉर्ड पाहून निवडावी.

सेकंडहँड पाहायला जाल तेव्हा एक चेकिंग मात्र नक्की करा, हे मला एका जुन्या मेकॅनिकनं शिकवलं. स्टिअरिंगच्या आत एक पट्टीची गुंडाळी असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, स्टिअरिंगवरचे सगळे सिग्नल, हॉर्न, एअरबॅग, बटण, सोबत फिरणारे पॅडल, सगळे तिच्यातून जातात. ती जुनी झाली की सरळ असताना सगळं चालते अन् स्टिअरिंग फिरवलं की तुटक होते. म्हणून गाडी उभी ठेवून, ब्रेक धरून, मॅन्युअल मोडमधी पहिला-दुसरा पहिला-दुसरा असं बदलत राहा, आधी सरळ, मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, अन् प्रत्येक वेळी मीटरवर आकडा बदलला पाहिजे. सोबत हॉर्न पण दाबा. दहा मिनिटं लागतात, विकणारा वैतागते, वैतागू द्या. आम्ही दोन्ही गाड्यांचं केलं. बटणवालीचं डावं बटण, तेच कोरं करकरीत, पूर्ण उजवीकडे वळवल्यावर तीनदा दाबलं तं एकदाच लागलं. मालकाला सांगितलं, त्यांना पण माहीत नव्हतं, कारण डावं त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. ते म्हणाले दुरुस्त करूनच विकीन.

पॅडलवालीचं सगळं ठीक निघालं. भावानं गुरुवारी टोकन दिलं, ट्रान्सफरचे कागद चालू आहेत. गाडी येईपर्यंत रोज रात्री माझ्या व्हर्टसमधी बसून रिंग रोडचा एक चक्कर मारतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंडानं उजवा वर डावा खाली म्हणत. पहिली लांब ट्रिप चिखलदऱ्याची ठरली आहे, पण त्याच्या आधी टायर बदलायचे आहेत, मागचे दोन २०१९ चे निघाले.